बोट कोणाचं? स्थलांतरित घरांपर्यंत ऑटिझमची लवकर तपासणी पोहोचवताना

एका आईने तपासणीचा फॉर्म भरून माझ्या हातात दिला. वीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. काही हवं असेल तर मूल एका बोटाने दाखवतं का, या प्रश्नापुढे तिने 'हो' लिहिलं होतं. मी सहज विचारलं, "कसं दाखवतो?" ती म्हणाली, "माझं मनगट धरतो, ओढत फ्रिजपाशी नेतो आणि माझाच हात दारावर ठेवतो. हुशार आहे हो ताई, सगळं कळतं त्याला."

मुलगा वीस महिन्यांचा. आईने खोटं काही लिहिलं नव्हतं. काय हवंय ते तो दाखवतच होता. पण प्रश्न होता मुलाच्या स्वतःच्या बोटाचा. पक्कड वापरावी तसा आईचा हात वापरणारं मूल आणि बोट रोखून, वळून आईच्या तोंडाकडे पाहणारं मूल, दोघांनाही दूधच हवं असतं. पण दुसरं मूल आईचं लक्ष आपल्या बाजूला वळवत असतं, आणि तपासणी शोधत असते ते नेमकं हेच. फॉर्म तसाच फाइलला लागला असता तर 'सगळं छान आहे' असं सांगून मायलेकरांना घरी पाठवलं असतं.

परक्या देशात, परक्या भाषेत मूल वाढवणाऱ्या घरांत ही गफलत रोज होते. हा लेख ती कमी करू पाहणाऱ्यांसाठी आहे: स्वयंसेवक, पाळणाघरातल्या ताई, नर्स, दुभाषी आणि हे सगळं एकदा सोसून बाहेर पडलेले आईबाप. लोकांना 'ऑटिझम' हा शब्द कळला की जनजागृती झाली, असं समजून बरेच कार्यक्रम होतात. माझ्या मते आईला पहिली शंका येते त्या रात्रीपासून ती तपासणीच्या खोलीत पोहोचेपर्यंतचा रस्ता तिच्या भाषेत मोकळा झाला, तरच काही झालं म्हणायचं.

आधी स्वतःला नीट कळलेलं असू द्या

स्क्रीनिंग म्हणजे चाळणी. निदान वेगळं. हे वाक्य तुम्हाला शंभर वेळा म्हणावं लागेल, म्हणून त्यामागचं गणित माहीत हवं.

अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी खास चाळणी १८ आणि २४ महिन्यांना करायला सांगते. एकूण विकासाची चाळणी ९, १८ आणि ३० महिन्यांना, ती वेगळी. सगळ्यात जास्त वापरात असलेली प्रश्नावली म्हणजे एम-चॅट-आर. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, पालक भरतात, आणि ती मोफत मिळते. २० पैकी ० ते २ उत्तरं काळजीची निघाली तर धोका कमी. ३ ते ७ निघाली तर दुसरी फेरी होते, तिच्यात त्याच उत्तरांबद्दल खोदून विचारतात. ८ किंवा जास्त असतील तर दुसऱ्या फेरीसाठी न थांबता पुढे पाठवतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, दोन्ही फेऱ्यांनंतरही काळजीच्या गटात राहिलेल्या मुलांपैकी साधारण ४७ टक्के मुलांना ऑटिझम निघाला. पण जवळपास ९५ टक्के मुलांच्या विकासात काही ना काही लक्ष देण्यासारखं होतं. म्हणजे चाळणीत अडकलेल्या मुलाला ऑटिझम असेलच असं नाही, आणि 'उगाच घाबरवलं' असंही सहसा नाही. आईबापांना हे दोन्ही सांगा.

सगळे देश एकाच मताचे नाहीत. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सरसकट चाळणीऐवजी प्रत्येक भेटीत मुलाच्या विकासावर बारीक नजर ठेवण्याचा मार्ग धरला. ब्रिटनमध्ये ऑटिझमची सरसकट चाळणी नाही. इंग्लंडमध्ये दोन ते अडीच वर्षांच्या मुलाचा एकूण विकास हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांच्या घरांशी संपर्क ठेवणारी नर्स, तपासते. खुद्द अमेरिकेतही २०१६ मध्ये सरकारच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा गटाने म्हटलं, की ज्या मुलाबद्दल कोणालाच काळजी वाटत नाही अशा मुलाच्या चाळणीने फायदा होतोच, याला पुरेसा पुरावा नाही. कार्यक्रमात कोणीतरी वाचक माणूस हे काढतोच. त्याला झटकून टाकू नका, पण एक प्रश्न विचारा. 'कोणालाच काळजी वाटत नाही' हे ठरतं कशावरून? आईला वाटली, ती बोलली, डॉक्टरला कळली, तरच ना? स्थलांतरित घरात हीच साखळी तुटलेली असते. आईला काळजी असते, पण ती सांगायला शब्द नसतात किंवा दहा मिनिटांच्या भेटीत तेवढा धीर होत नाही. म्हणून प्रत्येकाला तेच प्रश्न विचारण्याची सर्वांत जास्त गरज इथेच आहे.

आकड्यांपैकी दोनच लक्षात ठेवलेत तरी पुरे. अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या, २०२२ च्या पाहणीत आठ वर्षांच्या ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम आढळला, आणि पहिलं निदान होण्याचं मध्यक वय होतं ४७ महिने, म्हणजे निम्म्या मुलांचं निदान त्याहून उशिरा. अनुभवी तज्ज्ञाला दुसऱ्या वर्षीच भरवशाचं निदान करता येतं. मधली जवळपास दोन वर्षं कुठे जातात, हाच आपला विषय. आणखी एक गोष्ट: २०२० च्या पाहणीत पहिल्यांदाच आशियाई, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांमधलं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त दिसलं. त्याआधी या घरांत ऑटिझम कमी होता असं नाही. ती मुलं मोजणीतच येत नव्हती.

पहिली पायरी: बोलण्याआधी ऐका

पत्रक छापण्याआधी दहा-बारा घरांत जाऊन बसा आणि लोक काय म्हणतात ते ऐका. 'मुलगे उशिराच बोलतात.' 'दोन भाषांमुळे गोंधळलाय.' 'याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता, आता बघा.' 'घरात बोलायला आहेच कोण त्याच्याशी?' शेवटच्या वाक्यात फार मोठं ओझं असतं. दोघं कामावर, नातेवाईक हजारो मैल लांब, मूल स्क्रीनसमोर. आईने मनातल्या मनात स्वतःला कधीच दोषी ठरवलेलं असतं. तुमचा कार्यक्रम तिला त्या आरोपाचा पुरावा वाटला तर ती पुन्हा येणार नाही.

न ऐकल्याची किंमत किती मोठी असते, हे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहराने पाहिलंय. तिथल्या सोमाली आईबापांना २००८ च्या सुमाराला दिसलं, की खास शिक्षणाच्या बालवर्गांत आपलीच मुलं फार आहेत. सोमाली भाषेत ऑटिझमला शब्दच नव्हता. 'हे आमच्याच मुलांना का?' हा त्यांचा प्रश्न रास्त होता. २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने मोजून सांगितलं, की सोमाली मुलांमध्ये प्रमाण ३२ मध्ये एक आणि गोऱ्या मुलांमध्ये ३६ मध्ये एक, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. पण ज्या सोमाली मुलांना ऑटिझम होता त्या सगळ्यांना बौद्धिक अक्षमताही होती. सौम्य स्वरूपाची मुलं कदाचित कोणाच्या नजरेलाच पडत नव्हती.

हे उत्तर यायला पाच वर्षं लागली, आणि तोवर दुसरेच लोक उत्तर घेऊन दारात उभे होते: लशीमुळे होतो. गोवराच्या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड स्वतः तिथे जाऊन सोमाली पालकांना भेटला. तो संबंध सुचवणारा त्याचा १९९८ चा शोधनिबंध 'द लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला होता आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्याचा वैद्यकीय परवानाही गेला होता. सोमाली मुलांमध्ये गोवराच्या लशीचं प्रमाण २००४ मध्ये ९२ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत ४२ टक्क्यांवर घसरलं. २०१७ च्या साथीत मिनेसोटात ७५ जणांना गोवर झाला, त्यात बहुतेक सोमाली मुलं.

म्हणून लोक विचारतील त्या प्रश्नाला त्याच आठवड्यात उत्तर द्या. पूर्ण उत्तर हातात नसेल तर 'एवढं ठाऊक आहे, एवढं नाही, बुधवारी पुन्हा येते' असं सांगा आणि बुधवारी खरंच जा.

दुसरी पायरी: शब्द जपून निवडा

मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. मुळातल्या ग्रीक 'ऑटोस'चं, म्हणजे 'स्वतः'चं, ते भाषांतर आहे. शब्द सुंदर आहे, पण घराघरांत तो फसवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मूल मुद्दाम आपल्यातच रमलंय, एकलकोंडं आहे, जरा माणसांत मिसळू लागलं की सुटेल. मी 'ऑटिझम' म्हणते, आणि तेही उशिरा. आधी वागणं सांगते, नाव नंतर. कोणत्याही भाषेत काम करत असाल तरी हा क्रम पाळा. आधी नाव सांगितलं की लोक नावाचीच भीती घेऊन बसतात आणि पुढचं काही कानावर पडत नाही.

नावाची भीती किती खोल असते? मानववंशशास्त्रज्ञ रॉय रिचर्ड ग्रिंकर यांना कोरियन आयांमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. ऑटिझमऐवजी 'आईच्या मायेअभावी झालेला विकार' असं निदान काही आयांना बरं वाटायचं. दोष स्वतःवर येतो, चालेल. पण ऑटिझम रक्तातून येतो असं लोक मानतात, मग डाग सगळ्या घराण्याला लागतो आणि भावंडांची लग्नंही अडतात. २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका अभ्यासाने शाळकरी मुलांत २.६४ टक्के प्रमाण दाखवलं. त्यातली दोन तृतीयांश मुलं साध्या शाळेत होती, त्यांचं निदान झालेलं नव्हतं आणि कसली मदतही मिळत नव्हती.

प्रश्नावलीचं भाषांतर मात्र स्वतः करू नका. एम-चॅट-आरची अधिकृत भाषांतरं अनेक भाषांत आहेत आणि शब्द बदलायची परवानगी नाही. 'सोपं करून' घरगुती भाषांतर केलं की गुणांना काही अर्थ उरत नाही.

तिसरी पायरी: माणसं शोधा

डॉक्टरचं भाषण लोक ऐकतात, शेजारणीचं मानतात. अमेरिकेत लॅटिनो वस्त्यांत 'प्रोमोतोरा' म्हणजे वस्तीतल्याच शिकवून तयार केलेल्या आरोग्य-कार्यकर्त्या असतात. सँड्रा मगान्या यांनी उभा केलेला 'पेरेंट्स टेकिंग अ‍ॅक्शन' हा उपक्रम त्याच धर्तीवर चालतो: ज्या आया आपल्या मुलाबरोबर यातून गेल्या, त्याच दुसऱ्या आयांना घरी जाऊन शिकवतात. चार-पाच अशा आया मिळाल्या तर सभागृह नसलं तरी चालेल.

त्यांना काय सांगायचं यापेक्षा काय सांगायचं नाही हे जास्त शिकवा. 'तुझ्या मुलाला ऑटिझम आहे' किंवा 'काही नाही गं, ठीक आहे' ही दोन्ही वाक्यं बंद. 'मला कळत नाही, पण तपासून घेऊ, मी येते बरोबर' हे चालतं. कोणाचं नाव, मुलाचा फोटो, व्हिडिओ ग्रुपवर कधीही जाता कामा नये. छोट्या समाजात 'एका ओळखीच्या मुलाला' एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते.

बाबांसाठी आणि आजी-आजोबांसाठी वेगळी तयारी लागते. बऱ्याच घरांत आईला शंका आलेली असते, पण तपासणीला जायचं की नाही हे व्हिडिओ कॉलवरची आजी ठरवते. आजींशी वाद घालू नका. त्यांनी दहा मुलं वाढलेली पाहिली आहेत, त्यांच्या नजरेला काम द्या: "आजी, तुम्ही त्याला नावाने हाक मारली की तो वळतो का, आठवडाभर बघून सांगाल?" मला आठवतं, एक आजी पहिल्या दिवशी माझ्यावर चिडल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांनीच सुनेला फोन केला, "अगं, पाच वेळा हाक मारली, एकदाही मान वळली नाही. घेऊन जा त्याला."

चौथी पायरी: लक्षणं वाचून दाखवू नका, करून दाखवा

मी एक खेळणं लांब खुर्चीवर ठेवते, एखाद्या आईला मूल व्हायला सांगते आणि बोटाने दाखवून म्हणते, "अरे, ते बघ!" मग तीन प्रकार करून घेते. एक मूल माझ्या बोटाच्या रेषेत खेळण्याकडे पाहतं. दुसरं माझ्या बोटाकडेच पाहत राहतं. तिसऱ्याला मी तिथे असल्याचंच जाणवत नाही. दोन मिनिटांचा खेळ, पण घरी गेल्यावर प्रत्येक आई तो करून बघते.

वयानुसार एवढं पक्कं सांगा:

- ९ महिने: नावाने हाक मारली की वळत नाही, चेहऱ्यावर आनंद, राग, आश्चर्य फारसं उमटत नाही.
- १२ महिने: टाटा करणं, हात पसरणं असे हावभाव जवळजवळ नाहीत.
- १५ महिने: आवडलेली वस्तू दुसऱ्याला दाखवायला आणत नाही.
- १८ महिने: गंमत दाखवायला बोट करत नाही.
- २४ महिने: दोन शब्द जोडून स्वतःहून बोलत नाही; कोणी रडलं, कोणाला लागलं तरी लक्ष जात नाही.

आणि कोणत्याही वयात, येत असलेले शब्द किंवा हसणं-खेळणं मागे पडलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

यातल्या एखाद्या खुणेवरून काही ठरत नाही. उलट बाजूही तितकीच फसवी असते. 'तो तर मिठी मारतो, हसतो, डोळ्यांत बघतो, त्याला कसा ऑटिझम?' असं विचारतात. असू शकतो. पन्नास ओळींची गाणी पाठ म्हणणारं मूल पाणी हवं असताना 'पाणी' म्हणत नसेल, तर पाठांतराचं कौतुक करतानाच ते टिपून ठेवायला सांगा. मुलींची लक्षणं निसटतात, कारण शांत मुलगी कोणाला खटकत नाही. आधीच्या मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडात तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. त्या घरी लवकर आणि पुन्हा पुन्हा जा.

पाचवी पायरी: ठिकाण आणि वेळ

'ऑटिझम जागृती मेळावा' असा फलक लावलात की ज्यांना यायला हवं तेच येत नाहीत. आत जाताना कोणी पाहिलं तर? 'मुलांची वाढ आणि बोलणं' या नावाखाली लहान मुलांचे सगळेच आईबाप येतात. जिथे लोक आधीच जमतात तिथे जा: लसीकरणाची रांग, भाषेचे वर्ग, प्रार्थनास्थळ, पाळणाघर. पाळ्यांत काम करणाऱ्यांसाठी आवाजी निरोप उत्तम. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो पोहोचतो आणि रात्री दोन वाजता ऐकता येतो.

कागदावर विसंबू नये, हे ऑस्ट्रेलियातल्या एका कामाने चांगलं दाखवलंय. ला ट्रोब विद्यापीठातल्या जोसेफीन बार्बारो यांच्या पद्धतीत नर्सला प्रशिक्षण देऊन नेहमीच्या बालतपासणीत ठरावीक खुणा स्वतः पाहायला शिकवतात. त्याच कामातून ११ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या पालकांसाठी 'एएसडिटेक्ट' हे मोफत अ‍ॅप निघालं. त्यात प्रत्येक खूण व्हिडिओत दाखवली आहे. सीडीसीचं 'माइलस्टोन ट्रॅकर'ही मोफत आहे.

सहावी पायरी: फॉर्म भरताना शेजारी बसा

फॉर्म चारचौघांत भरून घेऊ नका, गुणही तिथे मोजू नका. प्रश्न जसा छापलाय तसाच वाचा. 'बहुतेक वेळा करतो का' याचं उत्तर अपेक्षित आहे, हे आधी सांगा, कारण आयांना मागच्या महिन्यात एकदाच झालेली गोष्टही लख्ख आठवते. एम-चॅट-आरमध्ये बहुतेक प्रश्नांना 'नाही' हे काळजीचं उत्तर असतं, पण तीन प्रश्न उलटे आहेत: मूल बहिरं असेल अशी शंका, डोळ्यांजवळ बोटांची विचित्र हालचाल आणि रोजच्या आवाजांचा त्रास. तिथे 'हो' काळजीचं. घाईत सगळीकडे 'हो' ठोकणारे पालक इथे उघडे पडतात, त्याचा उपयोग करून घ्या.

भाषेचा अडसर लहान नाही. कॅलिफोर्नियातल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१३ च्या पाहणीत विकासाची आणि ऑटिझमची अशा दोन्ही चाळण्या स्पॅनिशमधून करणारे डॉक्टर १० टक्क्यांच्या आसपास निघाले. स्पॅनिशची ही गत, तर इतर भाषांचं काय! म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी मागायला शिकवा. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांवर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ते बंधन आहे, आणि पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. आठ-दहा वर्षांच्या थोरल्या भावंडाला दुभाषी करू नका. धाकट्या भावाबद्दलची वाईट बातमी त्याच्या तोंडून आईला कळावी, यासारखं दुसरं क्रौर्य नाही.

डॉक्टर 'थांबून पाहू' म्हणाले तर? आईला दोन वाक्यं पाठ करून द्या, दवाखान्याच्या भाषेत, कागदावर लिहून: "मला माझ्या मुलाच्या विकासाबद्दल काळजी आहे. मला आज ऑटिझमची तपासणी हवी आहे, आणि नको म्हणत असाल तर कारण फाइलमध्ये लिहा." दुसरा भाग उद्धट वाटतो, ठाऊक आहे. पण तो कामाला येतो. सोबत फोनवर एक-एक मिनिटाचे तीन व्हिडिओ न्यायला सांगा: हाक मारल्यावर, खेळताना, काहीतरी हवं असताना.

सातवी पायरी: चाळणीनंतरची पोकळी

बहुतेक कार्यक्रम इथे संपतात आणि बहुतेक कुटुंबं इथेच हरवतात. चाळणीत मूल अडकलं, रेफरल मिळालं, आणि मग वर्षभराची वेटिंग लिस्ट. पुढची मदत दाखवता येत नसेल तर चाळणी करूच नका, असं माझं मत आहे. काळजी पेटवून निघून जाणं योग्य नाही.

तीन रांगांत एकाच वेळी उभं राहायचं असतं. पहिली कानांची: नीट ऐकू येतंय का हे श्रवणतज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं, मूल आवाजाला दचकत असलं तरीही. दुसरी निदानाची: दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवायचं आणि कोणी अपॉइंटमेंट रद्द केली तर बोलवा, असं सांगून ठेवायचं. तिसरी थेरपीची, आणि तिच्यासाठी निदानाची वाट पाहावीच लागते असं नाही. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलासाठी 'अर्ली इंटरव्हेन्शन'ला आईबाप स्वतः फोन करू शकतात. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, निदान लागत नाही, कायद्यात नागरिकत्वाची अट नाही. मुलाची पाहणी मोफत असते, आणि ती करून मदतीचा आराखडा ठरवणारी पहिली बैठक ४५ दिवसांत व्हायला हवी. तीन वर्षं पूर्ण झाली की हीच जबाबदारी सरकारी शाळेकडे जाते. तुमच्या देशात काय आहे ते शोधा आणि एका पानावर, फोन नंबरसह, समाजाच्या भाषेत लिहा. बाकीच्या सगळ्या पत्रकांपेक्षा हे एक पान मोलाचं आहे.

अवघड प्रश्न

लशीबद्दल विचारतीलच. सरळ सांगा: डेन्मार्कमध्ये २०१९ मध्ये ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीने ऑटिझमचा धोका वाढला नाही. लस आणि पहिली लक्षणं साधारण एकाच वयात येतात, त्यामुळे तसं वाटतं. एवढं सांगून थांबा, हसू नका.

'घरची भाषा बंद करा, एकच भाषा बोला' हा सल्ला शिक्षक आणि काही डॉक्टरही देतात. आजवरच्या संशोधनात दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं दिसलेलं नाही. ज्या भाषेत आईला लाड करता येतात, ओरडता येतं, गोष्ट सांगता येते, ती काढून घेतली की घरात उरतं तुटकं, सूचनावजा बोलणं.

व्हिसाचा प्रश्न मात्र सगळ्यात नाजूक. 'घाबरू नका, काही होत नाही' असं सरसकट सांगू नका, कारण ते खरं नाही. ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याच्या अर्जात कुटुंबाच्या आरोग्याची तपासणी होते आणि पुढच्या खर्चाचाही हिशेब होतो. तिथे मुलाच्या ऑटिझममुळे अर्ज अडल्याची उदाहरणं आहेत. कॅनडाने २०१८ मध्ये खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि खास शिक्षणाचा खर्च त्यातून वगळला, म्हणून तिथली भीती बरीच जुनी झाली आहे. नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतात. अशा कुटुंबाला परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराकडे पाठवा. ऐकीव माहितीच्या भीतीने घरात दडवून ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या काही घरांना घाबरायचं काही कारणच नव्हतं.

आणि चमत्कारी उपचार. शरीरातले 'धातू काढणारं' किलेशन, ब्लीचचे थेंब, वाट्टेल ते विकलं जातं. २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा किलेशन घेताना जीव गेला. उपाय विकणारा बहुतेक वेळा आपल्याच भाषेत बोलतो, हे लक्षात ठेवा.

शेवटी, वही

किती लोक आले ते मोजू नका. एक साधी वही ठेवा, नावांऐवजी क्रमांक घाला, आणि चार रकाने आखा: शंका आली, तपासणी झाली, पुढे पाठवलं, मदत सुरू झाली. दर रविवारी अर्धा तास बसून तिसऱ्या रकान्यात अडकलेल्यांना फोन करा. माझ्या वहीत तिसरा आणि चौथा रकाना यांच्यामध्ये सगळ्यात जास्त रिकाम्या चौकटी आहेत. त्या फोनांत बोलण्यासारखं फारसं काही नसतं. "लागला का नंबर?" "नाही अजून." "बरं, त्यांना मी फोन करून बघते."

फ्रिजच्या दाराची गोष्ट सांगणारी ती आई आता आमच्याबरोबर काम करते. फॉर्म ती छापलाय तसाच वाचते, एक शब्द इकडेतिकडे करत नाही. समोरची 'हो' म्हणाली की पेन खाली ठेवते आणि विचारते, "बोट कोणाचं? त्याचं, का तुझं?"